म्हश्याच्या खानावळीचं लाईव्ह गाऱ्हाणं

सांगणार नव्हतो. मला ह्या गोष्टीचा कंटाळा आलाय, स्पष्ट सांगतो. पालीच्या स्टँडवर उतरलो की चहावाला विचारतो, "काय ओ आबा, ते लाईव्हचं काय झालं होतं?" केस कापायला बसलो तर न्हावी अर्धं डोकं तसंच ठेवतो. म्हणतो, आधी सांगा, मग उरलेलं कापतो. परवा एका बाराव्याला गेलो, तर माणसं रडायची थांबली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. बाराव्याला! शोभतं काय?

म्हणून एकदाच लिहून काढतो. ज्याला हवं त्यानं वाचावं आणि मला परत विचारू नये. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे असतील तर स्वतःच्या पोरांचे तपासा.

नाव माझं शांताराम. नाव ठेवणाऱ्यांनी घाई केली असं आमची ही म्हणते. ही म्हणजे बायको. तिचं नाव सांगणार नाय. आमच्यात रीत नाय ती. लग्नात सगळ्यांनी धरून बसवलं तेव्हा एकदा घेतलं, तेवढं पुरे.

धंदा माझा भोंग्याचा. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधायचा, मागच्या सीटवर माईक घेऊन बसायचं आणि पालीच्या आसपासच्या सगळ्या वाड्या फिरायच्या. कुठे नमनाचा खेळ आहे, कुठे नाटक आहे, कुठे डोळे तपासायचं शिबिर आहे. एकदा एकाची म्हैस हरवली होती, ती मी पुकारली. म्हैस आपली आपण चालत घरी आली. खोटं वाटत असेल तर म्हैसवाल्याला विचारा.

पण हल्ली गिऱ्हाईक गळायला लागलं. ज्याला विचारावं तो म्हणे, "आता पेजवर टाकतो ओ आबा. भोंगा कोण ऐकतो?"

भोंगा कोण ऐकतो! माझ्या भोंग्यानं ह्यांच्या आया जेवण टाकून पडवीत यायच्या.

तेवढ्यात विरारहून पोराचा फोन. प्रकाश माझा, एकुलता एक. "बाबा, झाला ना आता धंदा? विरारला या दोघंही. आराम करा."

आराम! मी विरारला राहून आलोय. तिसरा मजला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. तिच्यात एक माणूस असतो. आपण बघितलं की तो पडदा ओढतो. चार दिवसांत मला एकानंही विचारलं नाय, "आबा, कुठे चाललात?" अरे, कुठेतरी चाललो होतो ना मी!

मी फोनवर ठणकावलं, "माझा धंदा आहे इथे."

"कसला धंदा, बाबा?"

"शिमग्यापर्यंत बघ. धंदा उभा नाय राहिला तर बोचकं बांधून तुझ्या विरारला येतो!"

तोंडातून निघून गेलं. हिनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलंन, "काय बोललात ते ऐकलात काय स्वतः?"

ऐकलं होतं. पण शब्द दिला तो दिला.

गणपतीला पोरगा-सून आली. सुनेला मी पडवीत बसवली आणि विचारलं, "हे पेज-बिज करतं कोण? दुकानदार स्वतः?"

ती म्हणाली, "नाही बाबा, सोशल मीडिया सांभाळणारे वेगळे असतात. फोटो टाकायचे, लाईव्ह करायचं, लोकांना उत्तरं द्यायची. घरबसल्या करतात. फ्रीलान्स."

"म्हणजे?"

"म्हणजे वर साहेब नसतो, हजेरी नसते. आपलं गिऱ्हाईक आपणच शोधायचं आणि प्रत्येकाचं काम वेगळं घ्यायचं."

आता मला सांगा, मी जन्मभर दुसरं काय केलं? मी फ्रीलान्सच होतो की! फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी ठरवलं. भोंगा माळ्यावर टाकला आणि फोन हातात घेतला. हसा. हीसुद्धा हसली. पण मी सोडणारा नव्हे. सुनेनं जाण्यापूर्वी सगळं शिकवलंन. माईकचं चित्र दाबून बोललं की आपोआप अक्षरं उमटतात, हे बघितल्यावर तर वाटलं, चौथीसुद्धा उगाच शिकलो. रोज सकाळी घरापुढच्या खळ्यात कोंबड्यांपुढे उभा राहून लाईव्हचा सराव करायचो. कोंबड्यांनी कधी तक्रार केली नाय.

एकच खोड लागली. त्या फोनला दोन कॅमेरे. एक पुढचं दाखवतो, एक आपलं थोबाड दाखवतो. मला थोबाडवाला आवडला. एवढी वर्षं भोंग्याच्या आड गेली, माझं तोंड कोणी बघितलंय? सून बजावत होती, "बाबा, समोरचं दाखवायचं असेल तर हे गोल फिरणारे बाण दाबायचे, विसरू नका." हो हो म्हटलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हश्या. महेश त्याचं नाव, आमच्याच वाडीतला, डोळ्यांसमोर वाढलेला. पाली सोडून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की त्याची खानावळ आहे, मागे पाहुण्यांना राहायला खोल्या. नाव ठेवलंय 'माडाची सावली'. माडाला सावली असते काय? पण पुण्याच्या लोकांना आवडतं.

मी सरळ गल्ल्यापुढे जाऊन उभा राहिलो. "म्हश्या, तुझं पेज आजपासून मी सांभाळणार."

"तुम्ही, आबा?"

"नाय, तुझा आजा. मीच!"

तो डोकं खाजवायला लागला. "आबा, त्यात जरा गोड बोलावं लागतं ओ."

"म्हणजे मी काय कडू बोलतो?"

तो गल्ल्यातली सुटी नाणी मोजायला लागला. पोरगा हुशार आहे.

"हे बघ," म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीआधी तू नव्या खोल्या उघडतोयस. नारळ ठेवणार ना? गाऱ्हाणं मीच घालणार ना? मग तेच लाईव्ह करू. शहरातल्या लोकांना असलं अस्सल बघायला मिळतं कुठे?"

म्हश्याचे डोळे चमकले. "आबा, कल्पना भारी आहे!"

हे त्याचे शब्द. लक्षात ठेवा. पुढे तो विसरला.

आता घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे नवीन काही सुरू करायचं झालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकानं खणखणीत आवाजात देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'होय महाराजा' म्हणायचं. विचार-बिचार करायचा नाय. शिंक येते तसं ते तोंडातून येतं. आमच्या वाडीत गेली कित्येक वर्षं गाऱ्हाणं मी घालतो, कारण आवाज माझ्याकडे आहे.

आणि गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. देवापुढे झाकायचं नाय. डॉक्टरकडे जाऊन पोटाचं सोडून केसांचं सांगितलंत तर तो औषध कसलं देणार? तसंच हे. काय दुखतं ते स्पष्ट सांगायचं. आणि खळ्यात ऐकलेलं कोणी खळ्याबाहेर बोलत नाय. ती पण रीतच.

काम घेतलं की मी अर्धवट करत नाय. आठवडाभर म्हश्याच्या खानावळीत जाऊन बसलो. आचाऱ्याला विचारलं, भांडी घासणाऱ्या बायकांना विचारलं, विहिरीत डोकावलो, नव्या खोलीतल्या खाटेवर झोपून बघितलं. म्हश्याला कौतुक वाटत होतं. "आबा किती मेहनत घेतायत!" असं बायकोला सांगताना मी ऐकलं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सगळी वाडी जमली. खुर्चीवर भात मोजायची पायली पालथी घातली, तिच्यावर फोन नारळाला टेकवून उभा केला. गोल बाण आठवणीनं दाबले, बरं का! देव, नारळ, म्हश्या, वाडी, सगळं झकास दिसत होतं. लाईव्ह चालू केलं. डोकीवर टोपी घातली, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा महाराजा! आज तुझ्या ह्या लेकरानं, महेशानं, जो काय धंद्याचा घाट घातलाय, त्याला तू यश दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" वाडी गरजली.

"रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याचं पाऊल इकडे वळव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

इथपर्यंत कोणालाच तक्रार नव्हती. मग मी मुद्द्यावर आलो.

"विहिरीचं पाणी वैशाखात तळाला जातं आणि तांबडं येतं, पाहुण्यांचे पांढरे कपडे भगवे होतात, ते पाणी निवळ कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"मागच्या महिन्यात कोल्हापूरची मंडळी सोलकढी प्यायली आणि खोलीपेक्षा संडासात जास्त राहिली, तसं परत कोणाच्या वाट्याला आणू नको रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"सुरमई म्हणून ताटात पडतं ते दर वेळी सुरमई असतंच असं नाय. त्या माशाला त्याचं खरं नाव मिळू दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? म्हश्याचा! डोळे मिटलेले, हात जोडलेले, अंगावर काटा आलेला. मनापासून म्हणत होता बिचारा.

म्हश्याचा मेहुणा सुन्या गल्ल्यावर बसतो. त्यालाही मी सोडलं नाय. "गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी मोबाईलमधून मान वर काढत नाय, त्याला बुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सुन्या पण म्हणाला. मोबाईलमध्ये बघतच. काय बघत होता? हेच लाईव्ह!

पुढे नव्या खोलीतली मशीन गारवा कमी आणि आवाज जास्त देते ते सांगितलं, खाट मधोमध खचलीय ते सांगितलं. काही सोडलं नाय. डोळ्याच्या कोपऱ्यातून फोनकडे बघत होतो. लाल बदाम वर उडत होते. हसणारी पिवळी तोंडंसुद्धा उडत होती, बदामांपेक्षा जास्त. म्हटलं, वा, लोक आनंदात आहेत.

मागून ही माझा सदरा ओढत होती. "अवो, बास करा. अवो!" पण गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. मी ते "चुकलं माकलं पदरात घे रे महाराजा" पर्यंत नेलं, नारळ फोडला, आणि वाडीला प्रसाद वाटेपर्यंत लाईव्ह चालूच ठेवलं. काम म्हणजे काम.

प्रसाद म्हश्याच्या तोंडात होता तेव्हा त्याचा फोन वाजला. पुण्याच्या कोणी बाई. आवाज एवढा मोठा की बाजूला उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू आला.

"अहो, दिवाळीत आम्ही येणार होतो. तुमच्याकडे सुरमई खरंच सुरमई नसते का?"

"नाय ओ ताई! ते आमचे म्हातारे आहेत, काहीपण..."

"पण तुम्हीच म्हणालात ना, होय महाराजा! सगळ्यात मोठ्यांदा तुम्हीच म्हणालात!"

म्हश्यानं खोबरं गिळलंन आणि माझ्याकडे बघितलंन. तसा बैल बघतो, दावं सुटल्यावर.

मग फोनवर फोन. हा येत नाय, तो येत नाय. कोल्हापूरची ती सोलकढीवाली मंडळीसुद्धा बोलली, "आमचं नाव घेतलं नाही, आभारी आहोत." सुन्या रागावून गल्ला सोडून गेला आणि रस्त्यापलीकडच्या बांधावर जाऊन मोबाईल बघत बसला.

पण मी काम टाकलं का? पेज सांभाळणार म्हटलं म्हणजे सांभाळणार. घरी येऊन चष्मा लावला आणि लोकांना उत्तरं द्यायला बसलो. एकानं विचारलं होतं, "काका, पोट खरंच बिघडलं होतं का?" मी माईकचं चित्र दाबून बोललो, "देवापुढे खोटं बोलेन काय? मूर्ख." तसंच्या तसं उमटलं. दुसरा म्हणे, "मग यावं की नाही?" त्याला लिहिलं, "या. सोलकढी घेऊ नका." आता ह्याहून प्रामाणिक उत्तर कोणी देईल काय तुम्हाला?

संध्याकाळी म्हश्या दारात. चपला न काढता पडवीत चढला.

"आबा, वाटोळं केलंत माझं!"

"ओरडू नको. मी खोटं काय बोललो ते सांग."

"खोटं काय नाय ओ!" तो जवळजवळ रडतच म्हणाला, "तेच तर!"

"मग? तू स्वतः होय म्हणालास."

"गाऱ्हाण्यात नाय कोण म्हणतो, आबा?"

ही चहा घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवलान, माझ्यापुढे नाय.

तो गेला आणि विरारचा फोन आला. प्रकाश हसत नव्हता, तेच वाईट. "बाबा, बघितलं मी. आता पुरे. शिमग्याची वाट कशाला बघायची? बॅग भरायला घ्या."

मी फोन ठेवला आणि खळ्यात जाऊन उभा राहिलो. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं शेजारचा जात होता, त्यानं हाक मारलीन, "काय आबा, कुठे?" म्हटलं, "कुठे नाय." एवढंच. पण ते ऐकल्यावर नक्की केलं. विरार नाय. बिघडवलंय मी, सुधारणार पण मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हश्याकडे. तो मला बघून आत गेला. मी पण आत गेलो.

"म्हश्या, तुझी लाज कशानं गेली? खऱ्यानं. मग खरं बदल. विहीर उपस. ताज्या माशाला त्याच्या नावानं हाक मार. सोलकढी रोजची रोज कर, उरली तर ओत. आणि सुन्याला गल्ल्यावरून उठवून भांडी घासायला बसव. हात ओले असले की मोबाईल धरता येत नाय. सगळं झालं की परत नारळ ठेवू आणि लोकांना दाखवू."

तो म्हणाला, "करतो. पण एक अट. ह्या वेळी गाऱ्हाणं मी घालणार. तुम्ही फक्त फोन धरायचा. तोंड उघडायचं नाय."

मी! माझ्या वाडीत! गाऱ्हाण्याला गप्प उभा राहणार! जिभेवर आलेलं सगळं गिळलं. विरारची ती खिडकी डोळ्यांसमोर आणली आणि म्हटलं, "बरं."

दिवाळी त्याची कोरडी गेली. पण पोरगा कामाला लागला होता. थंडी पडली तोवर विहीर उपसून झाली, खाटा बदलल्या, सुन्याच्या हातांना सुरकुत्या पडल्या. मग दुसऱ्या लाईव्हचा दिवस ठरला. ह्या वेळी वाडी होतीच, शिवाय पालीच्या स्टँडवरचे रिकामटेकडे होते, रस्त्यापलीकडचा हॉटेलवाला कुंपणापाशी उभा होता. आमची ही बायकांत मागे.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. हलवायचा नाय, सुनेनं बजावलेलं. चष्मा खिशात राहिला, आणि हात सोडणार कसा? लाईव्ह चालू केलं. स्क्रीनवर सगळं पुसट पुसट. मधोमध एक पांढऱ्या केसांचा, कपाळाला आठ्या घातलेला कोणीतरी माणूस. मनात म्हटलं, हा चिडका म्हातारा कोण मध्येच कडमडलाय? मी मानेनं खूण केली, बाजूला हो. त्यानंही मान हलवलीन. म्हटलं, मरू दे.

म्हश्यानं सुरुवात छान केलीन. "बा देवा महाराजा, विहीर उपसलीय, तिला पाणी टिकू दे!" "होय महाराजा!" "मासा आता खरा आहे, तो खपू दे!" "होय महाराजा!"

मी ओठ घट्ट मिटून उभा. आणि मग म्हश्या माझ्याकडे वळला.

"आणि महाराजा, हे आमचे शांतारामआबा ह्या वयात नव्या धंद्यात पडलेत. गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणायची त्यांची खोड जाऊ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

वाडी दचकली. मी पण दचकलो. कारण सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठा आवाज माझा होता! आता काय करणार? ते तोंडातून येतंच, सांगितलं ना तुम्हाला. शिंकेसारखं!

म्हश्याला चेव आला. "फोनवर कुठे बोट लावायचं ते त्यांना कळू दे!"

"होय महाराजा!" मीच.

"स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय सुटू दे!"

"होय महाराजा!" परत मीच. थांबवता येत नव्हतं ओ! माणसं पोटं धरून खाली बसली. रस्त्यापलीकडचा हॉटेलवाला कुंपणाला लटकत होता.

म्हश्या आवरतं घेणार, एवढ्यात बायकांतून आवाज आला. "म्हश्या, थांब. एक राहिलं."

ही! आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. कधीच नाय. ती पुढे आली, पदर सावरलान, नारळाला हात जोडलेन. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय.

"महाराजा, ह्यांना धंद्याचं काय पडलेलं नाय. ह्यांना विरारची भीती वाटते. इथे ह्यांनी हाक मारली तर अख्खी वाडी ओ देते. तिथे ओ देणारं कोण नाय. म्हणून हा फोन घेऊन बसलेत. आणि हे पोराला सांगायची लाज वाटते, म्हणून धंदा धंदा करतात. ती लाज एकदाची काढून टाक रे महाराजा."

वाडी गप्प. होय म्हणायचं की नाय, कोणाला कळेना. कोंबडंसुद्धा ओरडलं नाय.

आणि त्या शांततेत एकट्याचाच आवाज आला.

"होय महाराजा."

माझा.

घरी येऊन चष्मा लावला तेव्हा कळलं. गोल बाण दाबलेच नव्हते. म्हश्याची विहीर नाय, खाट नाय, खरी सुरमई नाय, देव नाय, नारळ नाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं माझं थोबाड! त्यातला तो चिडका म्हातारा मान हलवून स्वतःलाच बाजूला हो म्हणतोय, आणि मग स्वतःच्या एकेका दुर्गुणाला छाती फुटेस्तोवर होय म्हणतोय. ते कापून कापून लोकांनी कुठे कुठे पाठवलं.

म्हश्याची खानावळ भरली. विहीर बघायला कोणी येत नाय. मला बघायला येतात. पाली स्टँडसमोरचा आंबेवाला आला, मसालेवाली आली, "आबा, आमचं पण काम घ्या." मी छाती काढून फोन काढला, तर म्हणे, "फोन आमच्याकडे द्या. तुम्ही फक्त समोर उभे राहा आणि आम्ही सांगू तेव्हा होय महाराजा म्हणा." झालं! लोकांचं पेज सांभाळायला निघालेला माणूस, आता लोकांच्या पेजवर लोणच्याच्या बरणीसारखा मांडलेला असतो. पण धंदा उभा राहिला. शिमग्याच्या आत. शब्द म्हणजे शब्द.

विरारचा फोन दोन दिवसांनी आला. आधी प्रकाश बोलला. "बाबा, आधी सांगायचं होतंत ना. राहा तिथेच. मे महिन्यात आम्हीच येतो." मग सुनेनं फोन घेतलान. "आणि बाबा, एवढ्यात तसेही येऊ नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय व्हिडिओ. समोरच्या खिडकीतले काका पडदा उघडून विचारतात, ते होय महाराजावाले कधी येणार?"

आता विचारतात! तेव्हा पडदा ओढत होते!

असो. म्हश्यानं येऊन माफी मागितलीन, खरी सुरमई घेऊन. सुन्यानं ओल्या हातांनी नमस्कार केलान. ज्याला मूर्ख म्हटलं होतं त्याची मी मागितली. हिशेब सगळा पुरा झाला, एक माणूस सोडून. त्या माणसानं माझ्या मनातलं, मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं ते, अख्ख्या जगापुढे मांडलंन. माझ्याच घरात राहतं, माझ्यासमोर बसून चहा पितं, आणि माफी माग म्हटलं तर बशीतून वर न बघता विचारतं, "मी खोटं काय बोलले ते सांगा."

नाव घ्यायची रीत नाय आमच्यात. पण आता रीत राहिलीय कुठे? घेतो.

सुलोचना.